खापरावरचे मांडे : खानदेशातील एका घरगुती पक्वान्नाचा इतिहास

मांडे हे खानदेशातील सणाचे, पाहुणचाराचे आणि कुळाचाराचे पक्वान्न आहे. गव्हाच्या सपिठाची सैल पण चिवट कणीक, तिच्या पोटात हरभऱ्याच्या डाळीचे गोड पुरण, पोळपाट-लाटण्याचा आधार न घेता केवळ हातांवर वाढवलेली मोठी पोळी आणि ती भाजण्यासाठी चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर, एवढ्यावर हे पक्वान्न उभे आहे. यांतील प्रत्येक गोष्ट खानदेशात कोठून आली, कोणी पुरवली आणि कोणी टिकवली, हे पाहू गेल्यास या प्रदेशाच्या शेतीचा, गावगाड्याचा आणि स्त्रियांच्या कौशल्याचा बराच इतिहास हाती लागतो. फारुकी सुलतानांनी 1382 पासून 1601 पर्यंत येथे राज्य केले, अकबराने असीरगड घेतल्यावर हा मुलूख मोगलांकडे गेला, पुढे मराठ्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती पडला; या उलथापालथींची दप्तरे आहेत, सनदा आहेत, बखरी आहेत. चुलीपाशी जे घडत होते त्याचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही, आणि म्हणून मांड्यांचा इतिहास ग्रंथ, दंतकथा, कुळाचार आणि आज चालू असलेली कृती यांच्या सांध्यांतूनच जुळवावा लागतो.

येथे खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे अभिप्रेत आहेत. इंग्रजी अमदानीतील मोठ्या खानदेश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांतूनच पुढे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आकाराला आले, आणि धुळ्यातून नंदुरबार 1998 मध्ये वेगळा झाला. तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या नद्यांच्या काठची जमीन काळी आणि कसदार असली, तरी सर्वसामान्य घरातील रोजचे अन्न गव्हाचे नव्हते. ज्वारी-बाजरीची भाकरी, ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची, म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा आणि डाळ यांवर येथील शेतकरी घर चालत आले. गहू रब्बीचे पीक असल्याने त्याला जमिनीत टिकलेली ओल किंवा पाटाचे पाणी लागते, आणि ही दोन्ही ज्याच्याकडे होती त्याच्याच कणगीत गहू पडत असे.

या संदर्भात धुळे परिसरातील फड पद्धतीचा उल्लेख टाळता येत नाही. पांझरेसारख्या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी पाटाने शेतांकडे न्यायचे, पाण्याखालच्या साऱ्या जमिनीचे ‘फड’ नावाचे मोठे पट्टे पाडायचे, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने सांभाळायची, अशी ही सामुदायिक सिंचनाची रीत कित्येक पिढ्या चालत आली. कोणत्या वर्षी कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात गहू किंवा भुसार घ्यायचे, हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याने नव्हे तर सर्वांनी मिळून ठरवायचे असे. पुरणपोळीला लागणारा गहू आणि गूळ या दोन्ही जिनसा अशा रीतीने एकाच बंधाऱ्याच्या पाण्यावर पिकत होत्या, आणि जिरायत गावांत मात्र त्या बाजारातून किंवा धान्याच्या अदलाबदलीतून आणाव्या लागत. मांडे सणापुरतेच राहिले यामागे धर्मभावना जेवढी होती, तेवढेच हे पाण्याचे गणितही होते.

मांड्यांची लेखी वंशावळ मात्र खानदेशापलीकडे नेते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या उपभोगांचे वर्णन आहे, आणि त्यातील अन्नभोग या प्रकरणात ‘मंडक’ नावाच्या पदार्थाची कृती क्रमवार दिली आहे. गहू धुऊन उन्हात वाळवावेत, दळून चाळणीने त्यांचा कोंडा वेगळा करावा, बारीक पिठात थोडे तूप आणि मीठ घालून ते दूधपाण्यात भिजवावे, मोठ्या लाकडी पात्रात हातांनी आपटून आपटून मळावे, चिकण झालेल्या कणकेचे गोळे करावेत, तांदळाच्या पिठीच्या साहाय्याने ते हातांच्या हालचालींनी विस्तारावेत आणि तापलेल्या खर्परावर टाकून लगेच उचलावेत, असा तिचा आशय आहे. आठ-नऊ शतकांनंतर रावेर किंवा शिरपूर तालुक्यातील एखादी सुगरण जे करते त्यात आणि या वर्णनात फारसा फरक नाही; लाकडी पात्राच्या जागी परात आली, दुधाऐवजी नुसते पाणी आले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटात पुरण आले. यादव हे त्या काळी चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्यांच्या सेऊणदेशात खानदेशाचा भाग मोडत होता, त्यामुळे दरबारी पाकशास्त्र आणि येथील स्वयंपाकघर यांत ओळख असणे स्वाभाविक होते. तथापि राजाने लिहून ठेवले म्हणून पदार्थ राजवाड्यातच जन्मला असे मानणे चुकीचे ठरेल. मातीचे खापर हे राजवाड्याचे भांडे नव्हे. लोकांत रुजलेली भाजण्याची रीत दरबाराने उचलली आणि तेथे लेखणी असल्याने ती नोंदली गेली, हा तर्क अधिक पटण्यासारखा आहे.

याच ग्रंथात अंगारपोलिका नावाचा आणखी एक पदार्थ येतो. कणकेचे गोळे विस्तवावर भाजण्याची ही कृती खानदेशातील बट्टीच्या जुन्या रीतीशी जवळीक दाखवते. बट्टी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठात ओवा, मीठ आणि तेलाचे मोहन घालून केलेले गोळे. ते पूर्वी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत, आज जळगावकडे बहुधा आधी वाफवून किंवा उकडून, मग कापून तळतात आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर भंडाऱ्यात व लग्नाच्या पंक्तीत वाढतात. माळवा आणि राजस्थान येथील बाटीशी तिचे नाते उघड आहे, आणि बऱ्हाणपूरमार्गे उत्तरेशी असलेल्या जुन्या दळणवळणात तिचे मूळ शोधले जाते. पण बट्टी शेकडो माणसांच्या पंक्तीला एकदम पुरवता येते, तर मांडा एकेकच होतो, एकाच खापरावर, एकाच बाईच्या हातून. या भेदामुळे एक पदार्थ गावजेवणाचा झाला आणि दुसरा घराचा राहिला.

महाराष्ट्रात मांड्यांची ओळख शास्त्रग्रंथांपेक्षा संतकथेने अधिक करून दिली. निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली म्हणून मुक्ताबाई खापर आणण्यास कुंभारवाड्यात गेली, तेव्हा या भावंडांवर बहिष्कार असल्याने विसोबा चाटी याने कुंभारांना धाक घालून तिला खापर मिळू दिले नाही, मग ज्ञानेश्वरांनी योगबलाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तीवर मांडे भाजले, आणि ते पाहून विसोबा शरण आला, अशी ही सर्वपरिचित कथा आहे. भाविक तिच्यातील चमत्कार पाहतो; इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र कथेची रचना ज्या गृहीतावर झाली आहे ते पाहावे. एखाद्या घराचे मांडे बंद पाडायचे असतील तर गहू, गूळ किंवा सरपण अडवण्याची गरज नव्हती, कुंभाराला अडवले की पुरे होते, ही गोष्ट कथा सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दोघांनीही सहज मान्य केलेली दिसते. म्हणजे हे पक्वान्न घरचे असले तरी ते कधीही एकट्या घराचे नव्हते. आणि या कथेची नायिका खानदेशाला आपली वाटते याला कारणही आहे. परंपरेनुसार मुक्ताबाई 1297 मध्ये तापीकाठी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात अंतर्धान पावल्या. मेहूण आणि कोथळी ही त्यांची स्थाने आजच्या जळगाव जिल्ह्यात आहेत, त्यांच्या नावावरून जुन्या एदलाबादचे मुक्ताईनगर झाले, आणि त्यांची पालखी दरवर्षी आषाढी वारीसाठी येथून पंढरपूरला निघते.

बलुतेदारीत, म्हणजे गावाची कामे करून त्याबदल्यात सुगीला धान्याचा ठरलेला वाटा घेण्याच्या व्यवस्थेत, कुंभाराचे स्थान पक्के होते. घागर, रांजण, परळ, चुलीचे भाग यांबरोबर खापर त्याच्याकडूनच येई. खापर म्हणजे मोठ्या मडक्याच्या बुडासारखे फुगीर, पातळ आणि एकसारख्या जाडीचे भांडे. कुंभार गाळलेल्या मातीत राख किंवा घोड्याची लीद मिसळतो, चाकावर आकार काढतो, ओलसर असताना आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत भिंत पातळ करतो आणि सुकल्यावर आव्यात भाजतो. भिंतीची जाडी कोठे कमी-अधिक झाली, तर तेथे पोळी करपते किंवा कच्ची राहते, आणि खापर आचेने तडकण्याची भीती असते ती वेगळीच. माती लोखंडापेक्षा सावकाश तापते आणि आच एकदम अंगावर येऊ देत नाही. शिवाय खापराचा फुगीर आकार असा असतो की वर टाकलेली पोळी आपल्याच भाराने कडांकडे ताणली जाते आणि तिच्यावर सुरकुती राहत नाही. लोखंडी तव्यावर पुरणपोळी उत्तम होते, पण मांडा होत नाही, याचे कारण हेच आहे.

आता कृती जवळून पाहावी. चांगला गहू निवडून त्याला पाण्याचा हात लावतात आणि ओलावा आत मुरेपर्यंत तो झाकून ठेवतात. यामुळे वरचे साल चिवट बनते, दळताना त्याचा चुरा होत नाही आणि कोंडा सरळ वेगळा पडतो. हे पीठ पातळ कापडातून गाळतात, आणि जे वस्त्रगाळ सपीठ हाती येते त्यात मीठ व थोडे तेल घालून पाण्याने कणीक भिजवतात. पोळीच्या कणकेपेक्षा ती कितीतरी सैल असते. ती पाण्याचा हात लावत, उचलून उचलून परातीत आपटत इतका वेळ तिंबतात की शेवटी ती तुटत नाही, हाताबरोबर लांब ताणली जाते. गव्हातील प्रथिनांचा पाण्याशी आणि मळण्याशी संयोग होऊन जो लवचीक चिकटा, म्हणजे ग्लुटेन, तयार होतो, त्याचीच ही किमया होय, आणि ज्वारी-बाजरीत तो नसल्याने त्यांची पोळी ताणता येत नाही, ती थापावीच लागते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी काढतात, गूळ किंवा साखर घालून ती आटवतात, जायफळ-वेलची घालून पाट्यावर किंवा पुरणयंत्रातून मऊ करतात. काढलेल्या पाण्याला फोडणी आणि मसाला देऊन त्याची रशी होते.

मग खरे कसब सुरू होते. कणकेच्या उंड्यात त्याच्याएवढेच किंवा त्याहून अधिक पुरण भरून तो बंद करतात, दोन्ही तळहातांवर तो चपटा करतात आणि या हातावरून त्या हातावर टाकत फिरवू लागतात. पोळी वाढत जाते तशी ती तळहातावरून मनगटावर आणि मनगटावरून कोपरापर्यंत येते, स्वतःच्या वजनाने खाली लोंबते, आणि प्रत्येक फेकीबरोबर तिची कड थोडी फिरवली जाते, म्हणजे एकाच बाजूला ताण पडत नाही. पुरण सर्वत्र सारखे पसरले पाहिजे आणि वरचे आवरण कोठेही फाटले नाही पाहिजे. तापलेल्या खापरावर ती एका झटक्यात, घडी न पडता अंथरावी लागते. एकदा टाकल्यावर दुरुस्तीला वाव नसतो. भाजल्यावर तिच्या घड्या घालून ती उतरवतात आणि मऊ राहावी म्हणून झाकून ठेवतात. हे सारे धूर आणि झळ सोसत, चुलीसमोर बसून करायचे असते, आणि एका मांड्यामागे दुसरा तयार ठेवायचा असतो, म्हणून उंडे करणारी एक, हातावर वाढवणारी दुसरी आणि जाळ सांभाळणारी तिसरी अशी वाटणी घरोघर होत असे.

जाळाचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेश कापसाचा मुलूख बनला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि येथील कापसाला विलक्षण भाव आला. त्याच सुमारास रेल्वे तापीखोऱ्यात पोहोचली आणि भुसावळहून नागपूरकडे जाणारा मार्ग 1867 मध्ये पूर्ण झाला. कपाशीचे क्षेत्र वाढले तसे हंगामानंतर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग शेताशेतांत साचू लागले, आणि भडकन पेटणारे, लवकर आच देणारे हे सरपण खानदेशी चुलीचे मुख्य जळण झाले. जळगावचे प्रसिद्ध भरीतही याच काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे होते, आणि त्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मांड्याला मोठी पण हळूहळू वाढवता-कमी करता येणारी आच लागते, आणि एकेक काडी आत सरकवून किंवा मागे ओढून ती साधता येते. नगदी पिकाने जिरायत शेतकऱ्याच्या हाती पैसा आणला आणि गहू-गूळ विकत घेण्याची ऐपत दिली, त्याच पिकाने जळणही दिले, आणि म्हणून मांड्यांचा खानदेशभर झालेला प्रसार या काळाशी जोडून पाहणे योग्य वाटते.

कुळाचारात मांड्यांचे दोन मुख्य प्रसंग आहेत. अक्षय्य तृतीया ही खानदेशात आखाजी म्हणून ओळखली जाते आणि येथे तिला दिवाळीइतके, काही घरांत दिवाळीहून अधिक महत्त्व आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची अहिराणी गाणी म्हटली जातात, आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्याचे, नवे साल याच दिवसापासून धरले जाते. पितरांच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात आणि चुलीतील विस्तवावर अन्नाचा घास, म्हणजे आगारी, टाकतात. त्या दिवशीच्या ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी, भात, कुरडया-पापड आणि सांजोरी ही ठरलेली असतात. घागर आणि खापर ही दोन्ही एकाच कुंभाराच्या आव्यातून एकाच हंगामात येतात, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

दुसरा प्रसंग कानबाई या देवीचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी अनेक कुळांत कानबाईची स्थापना होते आणि तिच्यासाठी ‘रोट’, म्हणजे प्रसादाच्या पुरणाच्या पोळ्या, करतात. पुष्कळ घरांची रीत अशी की घरातील प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ या मापाने धान्य घ्यायचे, त्याचेच पीठ आणि पुरण करायचे, आणि हा प्रसाद भाऊबंदकीबाहेर द्यायचा नाही. वाटी, शेर किंवा पायली यांऐवजी माणसाच्या मुठीने आणि घरच्या माणसांच्या संख्येने ठरणारे हे माप अर्थपूर्ण आहे. वाटण्या झाल्या, भाऊ सुरतेला, नाशिकला किंवा कल्याणला कामासाठी गेले, तरी रोटांसाठी त्यांनी एकत्र यावे अशी अपेक्षा राहते. मात्र मूठ पुरुषांच्या नावाने मोजली जाते आणि रोट स्त्रियांच्या हातून होतात, हेही नोंदवले पाहिजे. ज्यांच्या कौशल्यावर सारा कुळाचार उभा आहे त्यांची गणती त्या मापात नाही.

शेजारच्या प्रदेशांशी तुलना केली तर खानदेशी मांड्याचे वेगळेपण ठळक होते. बेळगावकडील मांडा पिठीसाखरेचा, घडी घातलेला आणि खुसखुशीत असतो, तो दिवसचे दिवस टिकतो आणि लग्नाच्या रुखवतात मिरवतो. नागपूरकडची लांब रोटी याच रीतीने हातावर वाढवून पालथ्या मडक्यावर भाजतात, पण तिच्यात सारण नसते आणि ती झणझणीत रश्श्याबरोबर खातात. मानसोल्लासातील मंडकही पुरणाविनाच आहे. यावरून भाजण्याची रीत आधीची आणि सारण प्रत्येक प्रदेशाने आपापल्या पिकानुसार व चवीनुसार नंतर स्वीकारलेले, असा क्रम लावता येतो. खानदेशाने हरभरा आणि गूळ निवडला.

मांडे हे चुलीवरचे, आणि भट्टीतल्या भाजणीची ओळख खानदेशाला तापीच्या दुसऱ्या टोकाकडून, सुरतेकडून झाली असे म्हणता येते. सुरतेत डच व्यापाऱ्यांच्या भटारखान्याचा वारसा दोतीवाला या पारशी कुटुंबाकडे आला आणि तेथे नानकटाई घडली, अशी परंपरा सांगितली जाते. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली, आणि विसाव्या शतकात शहरांत व तालुक्यांच्या गावी बेकऱ्या उभ्या राहिल्या, तेव्हा महाराष्ट्रात इतरत्र जी पद्धत रूढ झाली तीच येथेही रुजली : दिवाळीच्या तोंडावर घरचा मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची, भाजणावळ द्यायची आणि आपल्याच जिनसांची नानकटाई घेऊन यायचे. जिन्नस घरचा आणि विस्तव दुसऱ्याचा, ही वाटणी कुंभाराचे खापर घेणाऱ्या घराला अपरिचित नव्हती.

नंतर वाळूच्या डब्यात ठेवून केलेला केक, ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन, आणि अलीकडे ओटीजी व मायक्रोवेव्ह आले, आणि त्यांबरोबर जळगाव-धुळ्याच्या घरांत ब्राउनीही आली. ब्राउनी हा कोकोचा, चॉकलेटचा, केकपेक्षा घट्ट आणि ओलसर असा अमेरिकी घरगुती पदार्थ. शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात 1893 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तो जन्मला अशी आख्यायिका आहे, आणि फॅनी फार्मर यांच्या बोस्टन येथील पाकशाळेच्या ग्रंथाच्या 1906 च्या आवृत्तीत चॉकलेटच्या ब्राउनीची कृती छापलेली आढळते. याच ग्रंथाने, 1896 च्या पहिल्या आवृत्तीपासून, काठोकाठ सपाट भरलेला पेला आणि चमचा यांचे माप अमेरिकी घरांत रूढ केले. लोणी, साखर, अंडी, मैदा, कोको यांची मापे आणि ओव्हनचे तापमान ठाऊक असले की बोस्टनची ब्राउनी भुसावळात होते, आणि करणाऱ्याने ती आधी कधी पाहिली नसली तरी होते. अंडे न चालणाऱ्या घरांत दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घालून तिचे शाकाहारी रूपही याच मापांच्या बळावर तयार झाले. ती जगभर पोहोचली यामागे चॉकलेटच्या गोडीइतकाच छापील मापाचा वाटा आहे.

मराठीतही पाकशास्त्र छापले गेले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 चे, आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले. पण मांड्यांना या मापांचा फारसा उपयोग होत नाही. किती पाणी घालावे हे गव्हाच्या जातीवर आणि हवेतील ओलाव्यावर ठरते. कणीक तयार झाली की नाही हे बोटांना कळते. खापर पुरेसे तापले की नाही हे पाण्याचा शिपका मारून ओळखतात. आणि पोळी हातावर कशी फिरवावी हे कोणत्याही वाक्यात मावत नाही. मुलगी आईजवळ, सून सासूजवळ बसून आधी उंडे करायला, मग लहान पोळी हातावर घ्यायला, आणि अनेक सणांनंतर खापराशी बसायला शिकते. गेल्या शतकात या शिक्षणाच्या आजूबाजूचे बरेच काही बदलले. जात्याची जागा गिरणीने घेतली. गुजरातेत सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला लोक-1, म्हणजेच बाजारातला लोकवन गहू, पिशव्या-पिशव्यांनी येऊ लागला. पऱ्हाट्यांच्या चुलीशेजारी गॅसची शेगडी आली, आणि तिच्यासाठी लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे घुमटाकार तवे निघाले. हात मात्र तेच लागतात, आणि नेमके तेच कमी होत आहेत, कारण शिकवायला लागणारा वेळ आणि एकत्र कुटुंबातील बायकांची संख्या या दोन्ही गोष्टी आटल्या आहेत.

याचा एक परिणाम स्वागतार्ह आहे. जे काम घरात बिनमोल गणले जाई त्याला बाहेर मोल येऊ लागले. मांडे करणाऱ्या स्त्रियांना लग्नाकार्याची बोलावणी येतात, बचत गटांच्या माध्यमातून त्या मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत खापर मांडून बसतात, आणि पोळी हातावर फिरताना पाहायला भोवती गर्दी जमते. हे कौशल्य आहे, केवळ घरकाम नव्हे, ही मान्यता उशिरा का होईना मिळत आहे. पण प्रदर्शनात पदार्थ विकला जातो, विद्या नव्हे. आणि ज्या कुंभाराच्या हातून एकसारख्या जाडीचे खापर उतरते, त्याच्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही.

खानदेशाला या बाबतीत आपल्याच इतिहासात एक आदर्श सापडतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून आलेली गाणी घरातल्यांनी लिहून ठेवली, कवी सोपानदेव चौधरी या त्यांच्या मुलाने ती जपली, आचार्य अत्रे यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. लिहून ठेवणारा कोणी घरात नसता, तर ती जात्याबरोबरच संपली असती. जळगावच्या विद्यापीठाला आज त्याच बहिणाबाईंचे नाव आहे, आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर स्थापन झालेले संशोधन मंडळ धुळ्यात आहे. या संस्थांनी, महाविद्यालयांतील इतिहास व गृहविज्ञान विभागांनी आणि ज्यांच्या घरी आजही खापर आहे त्या प्रत्येक कुटुंबाने, मांडे करणाऱ्या स्त्रियांची आणि खापर घडवणाऱ्या कुंभारांची कृती, त्यांच्या अहिराणी आणि लेवा बोलीतील शब्दांसह, चित्रफितीवर आणि कागदावर नोंदवून ठेवावी. येत्या आखाजीला पुष्कळ घरांत खापर चुलीवर चढेल. नोंदीचे काम त्याच दिवशी सुरू करता येईल.